फवारणीच्या दिवसांतला इंग्रजीचा तास

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या उठल्या की अकोल्यात आमच्या कॉलनीपर्यंत तो वास येतो. शहर संपून जिथं वावरं सुरू होतात तिथून माझं घर फार लांब नाही. सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसावं, वारा जरा फिरावा, आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारलेल्या औषधाचा तो लसणासारखा, घशाला चिकटणारा वास नाकात शिरावा. शेजारची सून धाडधाड खिडक्या लावून घेते. "काकू, तुमीबी लावून घ्या न," म्हणते. मी लावत नाही. थोडा वेळ तशीच बसून राहते. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण या वासाबरोबर माझ्या हातात अजून खडू येतो.

पाऊस आला की माणसं हळवी होतात, असं आपण वाचत आलो. माझं तसं नाही. माझा ऋतू पाऊस थांबल्यावर सुरू होतो. आभाळ धुतल्यासारखं निळं, उकाडा मात्र अंगाला चिकटलेला, काळ्या मातीला वरून पापुद्रा धरलेला आणि आत अजून ओल. पऱ्हाटी छातीला लागलेली, पिवळी फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन गळणारी. आणि सगळ्या शिवारात पाठीवरच्या पंपांचा खटक-खटक आवाज. दर्यापूरच्या पुढं, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात मी इंग्रजी शिकवत होते. तिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, इतकं खारं. वर्गाच्या खिडक्यांना दारं नव्हती. त्यामुळे खटक-खटक आत यायची, वास आत यायचा, आणि मी फळ्यावर क्रियापदाची तीन रूपं लिहीत असायची.

त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात रोज यायचं. कशासाठी यायचं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. हजेरी घेताना एखादं नाव उच्चारलं की कोणीतरी हळूच म्हणायचं, "थो नाई येत आता, मॅडम. बाप गेला त्याचा." मी पुढचं नाव घ्यायची. पुढचं नाव घेणं एवढंच हातात आहे, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आमच्या शाळेची दहावी इंग्रजीत आपटायची. गणितात तरायची, विज्ञानात कसंबसं निभवायची, आणि इंग्रजीत दरवर्षी निम्म्या वर्गाची दांडी उडायची. पोरं गाइड पाठ करायची. प्रश्न ओळखीचा आला तर उत्तर धडाधड लिहायची. उताऱ्यात एक शब्द अनोळखी दिसला की पेन खाली. शब्दाचा अर्थ माहीत नाही म्हणजे पुढची सगळी वाट बंद, असंच त्यांना वाटायचं. आणि खोटं कशाला बोलू, ते मीच त्यांना शिकवलं होतं. मी शब्द सांगायची, अर्थ सांगायची, ते लिहून घ्यायचे. अर्थ शोधायचा असतो, हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

त्या वर्षी पोळा झाला आणि मी ठरवलं की हे बंद. दहावीच्या वर्गात जाऊन सांगितलं, "आजपासून मी अर्थ सांगणार नाही. तुम्ही अंदाज करायचा. चुकला तरी चालेल. पण अंदाज कशावरून केला ते सांगावं लागेल."

 मग मागून कोणीतरी वऱ्हाडीतलं "का" विचारलं, "कावून?"

सगळे हसले. मीही हसले. आणि त्याच क्षणी मला वर्गाचा नियम सापडला. मी म्हटलं, "हेच. जो अंदाज सांगेल त्याला सगळ्यांनी मिळून विचारायचं, कावून. त्याला उत्तर देता आलं तर अंदाज पक्का. नाही आलं तर बसायचं."

पहिला उतारा मी स्वतः लिहून आणला होता. एक म्हातारा बाजारात बैल विकायला नेतो. वाटेत तीनदा थांबतो, बैलाच्या पाठीवर हात फिरवतो, गिऱ्हाईक आलं की दुसरीकडं बघतो. आणि मग एक वाक्य: द ओल्ड मॅन वॉज रिलक्टंट. तो शेवटचा शब्द कोणालाच माहीत नव्हता. तो अडायलाच घातला होता.

 मग प्रणिता उभी राहिली. एरवी ती हजेरीला सुद्धा मान खाली घालूनच "हजर" म्हणायची.

"त्याच्या जिवावर आलं असन, मॅडम."

वर्ग एका सुरात ओरडला, "कावून?"

"इकाचा असता तं सरका गेला असता न बाजारात," ती म्हणाली. "तीनदा कायले थांबन? आमचा बैल इकला तवा बाबाबी असेच थांबत थांबत गेले."

त्या पोळ्याला त्यांच्या दारात एकच बैल सजला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.  मी फळ्यावर त्या शब्दापुढं लिहिलं: जिवावर आलेला. वीस वर्षं मी त्या शब्दाचा अर्थ "नाखूश" असा सांगत आले होते. त्या दिवशी तो शब्द मलाच पहिल्यांदा नीट कळला.

तिथून वर्ग बदलला. एकदम नाही, हळूहळू. आता विचार करते तेव्हा वाटतं, मी त्यांना नवीन काहीच शिकवत नव्हते. पान उलटं करून, मागच्या बाजूला बोट फिरवून, "तुडतुडे आले" म्हणणारी ती पोरं. मुठीत माती दाबून, "अजून दोन दिवस डवरा नाई चालत" सांगून कोळपणी थांबवणारी. न लिहिलेलं वाचणं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. फक्त इंग्रजी अक्षरं दिसली की ती घाबरून ते ज्ञान दाराबाहेर चपलांजवळ ठेवून यायची. मला फक्त ते आत आणायचं होतं.

सगळ्यांत जास्त हे जमायचं शाहीनला. शेख रहीमभाईंची ती पोरगी. तीन एकर कोरडवाहू, आई-बाप दोघं वावरात. घरात तिची बोली वेगळी, गल्लीत वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि आता ही इंग्रजी. लहानपणापासून ती या भाषेतून त्या भाषेत उड्या मारत आलेली, त्यामुळे अनोळखी शब्दाची तिला भीती नव्हती. उंच, सडपातळ, ओढणी दोन्ही कानांमागं घट्ट खोचलेली. "कावून?" चा आवाज सर्वांत मोठा तिचाच.

एक दिवस मी सांगितलं, "उद्या घरातून इंग्रजी घेऊन या." दुसऱ्या दिवशी टेबलावर बाजार भरला. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, बियाण्याची पिशवी, खताच्या पोत्याचा कापलेला तुकडा, गोळ्यांची पट्टी, सायकलच्या ट्यूबचा खोका. आणि शाहीननं ठेवली एक बाटली. फवारणीच्या औषधाची, रिकामी, धुतलेली. घरी त्यात ते रॉकेल ठेवायचे.

 त्या बाटलीवर तिरपा चौकोन होता, वरच्या अर्ध्यात कवटी, खालचा अर्धा लालभडक. मी ओरडलेच. "ही शाळेत का आणली? हात धुऊन ये आधी. साबणानं!" बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी बाहेर नेऊन ठेवली. शाहीन हात धुऊन आली. तिला राग आला नव्हता, पण ती बसलीही नाही.

"मॅडम, मंग त्याच्यावर लिवलेलं वाचाचं कवा?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. प्रश्न मात्र एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर बसून अमरावतीपर्यंत, माझ्या तेव्हाच्या घरापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतूनच बाटली धरून तिच्यावरची बारीक अक्षरं कागदावर उतरवली आणि अख्खा फळा भरला. घामाघूम झाले. त्या दिवशी एकही पोर खिडकीबाहेर बघत नव्हतं. कारण ती बाटली प्रत्येकाच्या घरी होती. आम्ही वरून सुरुवात केली. स्किन म्हणजे कातडी, हे विज्ञानातून माहीत होतं. वॉश माहीत. सोप माहीत. रिमूव्ह म्हणजे काढा, हा अंदाज लगेच जमला. त्याच्या पुढचा लांबलचक शब्द, कंटॅमिनेटेड, कोणाला येईना. त्याच्याखाली दुसरी ओळ होती, पोटात गेल्यास काय करू नये ती. त्यातही एक शब्द अडला, इंड्यूस. आम्ही दोन्हींभोवती खडूनं गोल काढले आणि झटापट सुरू झाली.

तेवढ्यात मुख्याध्यापक सर दारात आले. त्यांनी फळा वाचला.

"मॅडम, हे कोणत्या धड्यातलं?"

"धड्यातलं नाही, सर. शब्दांचा अंदाज करायला शिकवतेय."

"चाचणी पंधरा दिवसांवर आली. अंदाजपंचे शिकवून निकाल लागंन का आपला?"

सर वाईट नव्हते. निकाल कमी लागला की तालुक्याच्या बैठकीत उभं राहून त्यांनाच ऐकून घ्यावं लागायचं. त्यांनी फक्त डस्टरकडं बघितलं. आणि फळा मी पुसला. माझ्या हातानं. ते दोन गोल पुसले गेले तेव्हा शाहीन वहीच्या शेवटच्या पानावर घाईघाईनं काहीतरी उतरवत होती. मी पाहिलं, आणि डस्टर टेबलावर ठेवलं.

मग मी पोर्शनला लागले. अंदाजाचे तास सोडले नाहीत. शाळा सुटल्यावर अर्धा तास विज्ञानाच्या खोलीत घ्यायची, एक एसटी सोडून दुसरीनं जायची. पण त्या लेबलाकडं मी परत गेले नाही. उद्या घेऊ, परवा घेऊ. मास्तरांच्या आयुष्यात अशा उद्या-परवांची एक मोठी रास असते.

चाचणीला आठवडा राहिला होता तेव्हाचा शनिवार. शनिवारी शाळा सकाळची, साडेअकराला सुटायची. मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. ऊन असं होतं की सावलीतही डोळे मिटत. गावाच्या बाजूनं नाही, वावराच्या बाजूनं बंडी आली. बैल धावत होते. धुरेवर रहीमभाई उभे, आणि मागं गवताच्या पेंढीवर फातमाबी, शाहीनची आई. तिच्या तोंडातून फेस येत होता. अंगाला घामाच्या धारा. ओली साडी पायांना चिकटलेली. मध्येच ती हात हवेत फिरवायची, म्हणायची, "दिसून नाई राहिलं... काई दिसून नाई राहिलं."

रहीमभाई फवारत होते आणि ती ड्रममध्ये औषध कालवत होती. काठी सापडली नाही म्हणून कोपरापर्यंत हात घालून. घाम पुसायला तोच हात तोंडाला. सकाळची भाकरही त्याच हातानं.

फाट्यावरची माणसं धावली. समोरच गुंफाबाईचं घर. गुंफाबाई म्हणजे गावात कोणाचंही बाळंतपण असो की मयत, सगळ्यांत आधी पोचणारी बाई. तिनं लगेच सूत्रं हाती घेतली. "मिठाचं पाणी आणा! वांती होऊ द्या, सारं भाईर पडते. आन् पांघराले आना, थंडी वाजून राहिली तिले." आणि मी, इंग्रजीची एम.ए. झालेली, फळ्यावर गोल केलेल्या त्या दोन्ही शब्दांचे अर्थ झोपेतही सांगू शकणारी बाई, चहाच्या टपरीवर धावले. मीठ मागितलं. पेल्यात ढवळलं. डोकं पूर्ण रिकामं होतं. पेला घेऊन मी परत येत होते, आणि समोरून शाहीन पळत आली. दप्तर पाठीवर तसंच.

"मॅडम, नाई! उलटी नाई करवाची!"

मी थांबले.

"कावून?" गुंफाबाई ओरडली. तिला आमच्या वर्गाचा नियम माहीत नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"बाटलीवर लिवेल हाय! आन् तिची साडी काढा पह्यले. थेच साडी अंगावर हाय. सारी दवाई त्याच्यात हाय न! साडी काढा आन् साबनानं धुवा तिले. तुमच्या हाताले पिशव्या बांधा, तशा हात नका लावू!"

सोळा वर्षांची पोरगी. तिच्या आईचे डोळे वर गेले होते आणि ती लेबलावरच्या ओळी एकामागून एक सांगत होती. गुंफाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एवढंच मी त्या दिवशी केलं. पेला मातीत ओतला आणि मान हलवली.

गुंफाबाईच्या अंगणात बायांनी चादरी धरून आडोसा केला. हापशीवरून बादल्या आल्या. शाहीन आईच्या केसांपासून नखांपर्यंत साबण लावत होती आणि सारखी बोलत होती, "अम्मी, आँखा खोल. अम्मी, इधर देख." कोरडं लुगडं गुंफाबाईनं स्वतःच्या पेटीतून काढलं. काळी-पिवळी जीप अडवली, आतल्या माणसांना उतरवलं. निघताना शाहीननं बापाला विचारलं, "अब्बा, बाटली कुठं हाय?" ती बंडीतच होती, अर्धी भरलेली. माझ्या डब्याची पिशवी तिनं रिकामी केली आणि बाटली त्यात घातली.

जीपमध्ये मी फातमाबीचे पाय मांडीवर घेऊन बसले होते. शाहीन तिला कुशीवर धरून होती. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "तुला तो लांबलचक शब्द कधी समजला?"

ती माझ्याकडं न बघताच बोलली. "फळा पुसला त्याच रोजी, घरी गेल्यावर. कपडे काढा आन् धुवा म्हणते, म्हंजे त्या कपड्याले दवाई लागली असनच न, मॅडम. चांगले कपडे कोणी कायले काढाले लावन?"

"आणि दुसरा?"

"थो अजून नाई समजला. पण आधी 'नका' हाय आन् मांगून उलटी हाय. मधात काई असू द्या."

मी खिडकीबाहेर पऱ्हाटी बघत राहिले. मैलोन्‌मैल पंप चालू होते.

दर्यापूरला डॉक्टरांनी आधी विचारलं, "औषध कोणतं होतं?" शाहीननं पिशवी पुढं केली. त्यांनी पिशवीतूनच बाटली फिरवून वाचली, आणि नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं. "बाटली आणलीत, बरं केलंत. नुसतं 'पांढरं औषध' म्हणून सांगतात लोक. आम्ही काय समजायचं?" मग अकोल्याला हलवायला सांगितलं. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या वॉर्डात फातमाबी एकटी नव्हती. चार-पाच खाटांवर तेच निळसर ओठ, तोच वास. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, शाहीनला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आज शाळा नाई का तुले?"

शाहीन हसली, आणि मग इतकी रडली की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

मंगळवारी मी मुख्याध्यापक सरांच्या खोलीत गेले. खुर्चीवर बसले नाही. म्हटलं, "सर, तो फळा मी परत लिहिणार आहे. आज. तुम्हाला वर लिहून कळवायचं असेल तर कळवा."

सरांनी समोरचा हजेरीपट मिटला. त्यांचंही वावर होतं, फातमाबीच्या वावरापासून दोन बांध सोडून. मग म्हणाले, "शेवटचा तास घ्या. मी बसतो मागं." आणि मी दारापर्यंत गेले तेव्हा, जरा अडखळत, "मॅडम, त्या इंड्यूस का काय त्याचा अर्थ काय?"

"ते वर्गात शोधू आपण," मी म्हटलं.

ते मागच्या बाकावर पोरांत बसले. शब्द शेवटी प्रणितानंच सोडवला. मुद्दाम घडवून आणणं. सर म्हणाले, "कावून?" आणि त्यांनाही उत्तर मिळालं.

त्यानंतर शुक्रवारचा शेवटचा तास आमचा झाला. लेबलं मी हातानं कागदावर उतरवून आणायची, बाटल्या नाहीत. चौथ्या-पाचव्या शुक्रवारी खिडकीबाहेर बाया उभ्या दिसल्या. वावरातून परतीच्या वाटेवर, डोक्यावर गवताचे भारे. सरांनी त्यांना आत बोलावलं. एक दिवस फातमाबीही आली. खंगली होती, चालताना भिंत धरत होती. मी तिला खुर्ची दिली तर ती खाली पोरींच्या शेजारी बसली. म्हणाली, "मले 'अलिफ'बी येत नाई आन् 'क'बी येत नाई. मी काय शिकू वो, मॅडम?" शाहीननं तिला रंग शिकवले. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि दुसरी एक गोष्ट शिकवली, की वाचता येत नसलं तरी वाचून मागता येतं. ही गोष्ट मी माझ्या बी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती.

फार काही बदललं, असं मी म्हणणार नाही. फवारण्या थांबल्या नाहीत, त्या थांबणार नव्हत्याच. हातमोजे कोणी घेतले, कोणी घेतले नाहीत. उकाड्यात तोंडाला फडकं बांधून दोन तास पंप मारून पाहा, मग बोला, असं रहीमभाई म्हणाले होते. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. आमच्या वर्गात त्या वर्षीही काही नापास झाले. शाहीन आणि प्रणिता झाल्या नाहीत. शाहीन पुढं अकरावीला दर्यापूरला गेली, नंतर लग्न होऊन अचलपूरला. ईदला तिचा फोन येतो. आता तिच्या पोरी मला इंग्रजी शब्द विचारतात, मी सांगत नाही, आणि त्या वैतागतात.

एखाद्याला शब्द देणं आणि शब्दापर्यंत जायची वाट देणं, यात किती अंतर आहे हे मी वीस वर्षं शिकवून शिकले नव्हते. ते मला एका दुपारी फाट्यावर, हातात मिठाच्या पाण्याचा पेला असताना कळलं. मला अर्थ माहीत होता. तिला अर्थ लागला होता. माहीत असलेलं घाबरल्यावर पळून गेलं. लागलेलं तिच्याजवळ थांबलं. त्यानंतर मी जितकी वर्षं नोकरी केली, तितकी वर्षं माझ्या वर्गात कोणालाही अर्थ फुकट मिळाला नाही. पोरं मला कडू म्हणायची. म्हणू देत.

पुढच्या वर्षीचा तोच मोसम. मी दर्यापूरच्या बाजारपेठेत काही कामासाठी थांबले होते. कृषी केंद्रासमोर ही गर्दी. सकाळी आभाळ उघडलं होतं आणि सगळ्यांना त्याच दिवशी फवारायचं होतं. रांगेत पुढं फातमाबी दिसली. अंग भरलं होतं, आवाज परत आला होता. दुकानदारानं खोकं तिच्यापुढं सरकवलं. तिनं उचललं नाही.

"वाचून दाखव पह्यले," ती म्हणाली.

"मावशी, गर्दी पाहून नाई राहिली का? मांगच्या सालचंच औषध हाय."

"मांगच्या साली मी मरत होती. वाच."

दुकानदारानं खोकं उलटसुलट केलं. तरुण माणूस, कपाळावर घाम. हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मले कुठं एवढी इंग्रजी येते?"

"मंग इकून कायले राहिला तू?"

मागं कोणीतरी हसलं. मी पुढं व्हायला पाऊल उचललं होतं. पण दुकानदारानंच खोकं फोडलं. बाटलीभोवती गुंडाळलेला घड्यांचा पातळ कागद बाहेर काढला. तो त्यानं कधी उलगडून पाहिलेला नव्हता, हे त्याच्या बोटांवरून दिसत होतं. काउंटरवर कागद पसरला. बोट फिरवत फिरवत एका कोपऱ्यात त्याला मुंगीएवढी मराठी अक्षरं सापडली. त्यानं फातमाबीकडं बघितलं. ती दोन्ही हात काउंटरवर ठेवून उभी होती. तिला कुठंही जायची घाई नव्हती.

तो वाचायला लागला. अडखळत, पहिलीतल्या पोरासारखं एकेका शब्दावर थांबत. दुकान थांबलं. तराजू थांबला. रांगेतून कोणी हललं नाही. आणि रांगेच्या पार शेवटून, उन्हात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याचा आवाज आला,

"जोरानं वाच न बापा, मांगं आयकू येऊन नाई राहिलं."